आडवा वासा

जुलैच्या थंडीत रा-सेथुन्या गेला, आणि उन्हं तापायला लागली तसं बोअरचं इंजिनही गेलं. एकवीस वर्षं ते इंजिन तोच चालवायचा. हँडल मारण्याआधी त्याला दोन शिव्या घालायचा, मग ते धडधडायचं आणि गावाला कळायचं की आता नळाला पाणी येणार. त्याच्यानंतर तालुक्याहून एक माणूस आला. त्याने इंजिन उघडलं, आतला एक भाग काढला, फडक्यात गुंडाळला आणि दुरुस्त करून आणतो म्हणाला. तो भागही परत आला नाही आणि तो माणूसही.

कागदावर विचाराल तर आमच्या मोत्लोपिंगमध्ये सगळ्या सोयी आहेत. दोन नळ आहेत, सातवीपर्यंत शाळा आहे, रा-थुसोचं दुकान आहे, बसायला चावडी आहे आणि दवाखाना आहे. दवाखान्यात सिस्टर येते मंगळवारी आणि गुरुवारी. बाकीचे पाच दिवस माणसाने आजारी पडू नये अशी अपेक्षा असते. त्या दवाखान्याची किल्ली माझ्या गळ्यात असते. मी मा-दिनेओ, तिथली मदतनीस. झाडते, बाळांची वजनं घेते, जखमा धुते. कपाटात काय आहे ते मला सिस्टरपेक्षा जास्त माहीत आहे.

रा-सेथुन्याची बायको मा-सेथुन्या माझी शेजारीण. आमच्याकडे आईबापांना लेकराच्या नावाने हाक मारतात, बापाला रा- लावून आणि आईला मा- लावून. आमच्या दोघींच्या अंगणात काट्यांचं एकच कुंपण. नवरा गेला तेव्हा म्हाताऱ्यांनी तिला काळे कपडे दिले आणि नियम सांगितले. वर्षभर गुरांच्या गोठ्याजवळून जायचं नाही, पेरलेल्या शेतातून चालायचं नाही, दुसऱ्याच्या कार्याच्या अंगणात पाय घालायचा नाही, सूर्य बुडाला की घरात. कारण मरण ताजं असतं तोवर विधवेचे पाय तापलेले असतात. ती जिथे पाऊल ठेवेल तिथलं जित्राब, पीक, तान्हं बाळ, काहीही करपू शकतं. हे मी सांगत नाही, आमच्याकडे सगळेच सांगतात. आणि मीही मानत आले.

आता बघा दैव. नवरा गेला तेव्हा तिची एकुलती एक लेक सेथुन्या पोटुशी होती. सप्टेंबर संपता संपता ती बाळंत झाली. मुलगी झाली. आजोबाचं दुःख विसरायला लावील म्हणून तिचं नाव ठेवलं तेबात्सो. बाळाचा बाप दूर खाणीवर, नाताळाशिवाय यायचा नाही. बाळंतिणीला खोलीत घातलं, दाराशी आडवा वासा टाकला. वासा पडला की आत फक्त बाळंतीण, बाळ आणि सांभाळणारी बाई. ती बाई म्हणजे रीतीने बाळाची आजी. पण आजीचे तर पाय तापलेले. मग रा-सेथुन्याची बहीण ओनालेन्ना, सेथुन्याची आत्या, दोन गावं पलीकडून आली आणि खोलीचा ताबा घेऊन बसली. आजी बाहेर, चुलीच्या खोपटात. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात, ते मी त्या अंगणात डोळ्यांनी पाहिलं.

तरी सगळं काम तिचंच होतं. पाणी, लाकडं, आंबील, कपडे. ती भांडं वाशाच्या अलीकडे ठेवायची, चार पावलं मागे सरायची, मग ओनालेन्ना येऊन ते उचलायची.

नळ कोरडे पडल्यावर आम्ही बायका नदीच्या वाळूत खड्डे खणून पाणी काढायला लागलो. वाटीवाटीने ओरपायचं. मा-सेथुन्या ढकलगाडीवर दोन कॅन घालून यायची, तीही लांबून, कारण जवळची वाट गोठ्यावरून जाते. सगळ्यांच्या मागून यायची आणि तरी कुणीतरी म्हणायचंच.

"मा-सेथुन्या, तू जरा थांब हं. आमचं भरून होऊ दे."

"थांबलेच आहे गं. पळते कुठे? पळाले तर वाट पेटेल."

बायका हसायच्या. तीही हसायची. मग वाळूवर बूड टेकून बसायची, काळी शाल डोक्यावर ओढून, आणि तिच्या वाट्याला खड्ड्याच्या तळाचं गढूळ पाणी यायचं. ते ती घरी नेऊन फडक्याने गाळायची, उकळायची, आणि मग वाशापाशी ठेवायची. उकळण्यात तिने एक दिवसाचीही कुचराई केली नाही. हे मी छातीवर हात ठेवून सांगते, कारण पुढे लोकांनी नाही नाही ते म्हटलं.

दर गुरुवारी सिस्टरच्या हुकमाने मी बाळाचं वजन करायला त्या खोलीत जायची. ओनालेन्ना दारातच अडवायची.

"चपला बाहेर. हात राखेच्या पाण्याने धू."

"साबणाने धुऊन आलेय मी. सरकारी साबण आहे."

"सरकारी साबण सरकारच्या हातांना. इथे राख."

मी राखेने हात धुवायची. तुळईला काटा टांगायचा, झोळीत बाळ घालायचं, काटा थरथरून थांबला की आकडा लिहायचा. बाहेर शेवग्याखाली मा-सेथुन्या उभी असायची. मी निघाले की कुंपणापर्यंत माझ्याबरोबर यायची.

"किती भरली?"

"तीन किलो दोनशे."

"बरी आहे ना?"

"बरी कसली, दांडगी आहे. माझं बोट धरलं तर सोडेना."

"नाक कुणाचं गं?"

"नाक तुझ्या नवऱ्याचं. इकडून तिकडे पसरलेलं."

"अरे देवा. मुलीच्या जातीला तेवढंच मिळालं का?" आणि तोंडावर शाल धरून हसायची. मग हळूच विचारायची, "तीन किलो दोनशे म्हणजे केवढी? हातात घेतली तर केवढी लागेल?"

आता ते कसं सांगणार? मी म्हटलं, "दुकानात जा आणि साखर उचलून बघ."

मी थट्टेने म्हटलं होतं. ती खरंच गेली. रा-थुसोच्या दुकानात तिने दोन किलो साखरेचं पाकीट घेतलं, त्यावर एक किलो पीठ ठेवलं, आणि दोन्ही मिळून डाव्या हातावर आडवं धरून उभी राहिली.

"घ्यायचंय का?" रा-थुसो म्हणाला.

"नाही. बघतेय."

"साखरेत काय बघायचं, मा-सेथुन्या? पांढरी असते."

"तू आपला हिशोब कर. मी दोन मिनिटं उभी राहते."

त्या म्हाताऱ्याला ते कसं कळलं कोण जाणे, पण नंतर त्याने कधी हटकलं नाही. दर गुरुवारी ती माझ्याकडून आकडा घ्यायची आणि दुकानात जायची. सहाव्या आठवड्यात बाळ चार किलो भरलं. मी चहापत्ती आणायला दुकानात गेले होते, तेव्हा ही काउंटरशी उभी होती आणि रा-थुसो स्वतःच साखरेची दोन पाकिटं तिच्या हातावर ठेवत होता.

"गच्च भरली गं," ती मला म्हणाली. "हाताला रग लागते आता."

तो गुरुवार होता. शुक्रवारी बाळाला जुलाब सुरू झाले.

नोव्हेंबर म्हणजे आमचा उन्हाळा. ऊन असं होतं की कोंबड्या चोची उघड्या टाकून सावलीत पडल्या होत्या. सेथुन्याचं दूध आटत चाललं होतं. बाळ रडायचं थांबेना म्हणून ओनालेन्ना त्याला चमच्याने पाणी पाजायची, ज्वारीची पातळ पेज द्यायची. मी कुंपणावरून ओरडले, "आईचं दूध सोडून काही देऊ नकोस गं!" तर म्हणाली, "माझी पाच वाढली पेजेवर." रात्रभर बाळाचं रडणं मला माझ्या खाटेवर ऐकू येत होतं. सकाळी ते कमी झालं. मला वाटलं, बरं वाटतंय.

शनिवारी गावाच्या पलीकडच्या टोकाला म्हाताऱ्या केबोनांगची माती होती. आमच्याकडे माती शनिवारीच. पहाटे आटपायची, पण पाऊस नसल्यामुळे जमीन दगड झाली होती. पहारी बोथट झाल्या, पोरांचे हात सोलले, खड्डा व्हायला ऊन डोक्यावर आलं. गावातलं हलतं चालतं माणूस तिथे होतं. ओनालेन्नाचं सासरकडून नातं लागत होतं, तिला न जाऊन चालणार नव्हतं. निघताना वाशापाशी उभी राहून तिने बजावलं, "सेथुन्या, औषधाच्या मुळीचं पाणी पाजत राहा. मी जेवणं सुरू झाली की आलेच." मी कार्याच्या अंगणात तिपाई कढयांपाशी होते. बाप्ये मांस कुटत होते, आम्ही मक्याच्या कण्या ढवळत होतो. किल्ली माझ्या गळ्यातच होती.

घरी काय झालं ते मला सेथुन्याने नंतर सांगितलं. तिने ते एकदाच सांगितलं.

बाळ रडेनासं झालं होतं. टाळू खोल गेली होती, डोळे अर्धे उघडे, ओठ कोरडे. सेथुन्याने आतून हाक मारली.

"आई! हिला काहीतरी होतंय. आत ये."

मा-सेथुन्या वाशापर्यंत आली आणि थांबली.

"पाजतेस का तिला?"

"तोंडात धरत नाही. आई, तू ये ना आत. बघ ना एकदा."

"मी कशी येऊ गं?"

"ओलांड ना! लाकूडच आहे ते!"

ती वाशाशी उभी. सेथुन्या म्हणाली, आईचा उजवा पाय उचलला गेला होता. टाच जमिनीवरून वर आली होती. मग तिने तो खाली ठेवला.

"तुझ्या बापाला मी शेवटची शिवले, पोरी. त्या दिवशी तो चांगला होता. माझ्या हातची आंबील पिऊन झोपला तो उठलाच नाही. हिला नाही शिवायची मी."

"मग मी घेऊन निघते दवाखान्यात."

"दवाखान्याला कुलूप आहे. किल्ली मा-दिनेओकडे, तिकडे मातीला. तू या उन्हात तिला बाहेर काढू नकोस. मी ओनालेन्नाला घेऊन येते, मा-दिनेओला घेऊन येते. आलेच मी."

आणि ती निघाली. सरळ वाट गोठ्यावरून जाते, पाव तासाची. ती त्या वाटेनेही गेली नाही. शाळेला वळसा घालून, नदीच्या काठाने, लांबून गेली. लोकांची गुरं तिने त्या दिवशीही जपली.

आता माझं सांगते.

बायका गाणं म्हणत होत्या, पाद्री मधेच बोलत होता. माझं लक्ष कुंपणाकडे गेलं तर बाहेर मा-सेथुन्या. काळी शाल, घामाने चेहरा निथळत होता, पाय धुळीने पांढरे. कार्याच्या अंगणात तिला यायचं नाही, तशी ती आलीही नाही. काट्यांना धरून उभी. मला इतकं वाईट वाटलं. म्हटलं, घरी चार दिवस गढूळ पाण्यावर, आंबीलीवर आहे, वास आला असेल मांसाचा. एवढा मोठा बैल कापलाय, कुणाला हिची आठवण आहे का? मी एनॅमलचं ताट घेतलं, माझंच होतं, निळ्या काठाचं. त्यात कण्या घातल्या, मांसाचे दोन मोठे डाव घातले आणि कुंपणावरून तिच्या हातात दिलं.

"घे. आधी खाऊन घे."

"मा-दिनेओ, ओनालेन्नाला बाहेर बोलाव."

"प्रार्थना चाललीय गं. संपली की येईल."

"आत्ता बोलाव. तू पण चल."

"मी कशी येऊ? कढई लागेल माझी."

ती माझ्याकडे बघत राहिली. ओठ हलले, पण पुढचं काही बोलली नाही.

ती का बोलली नाही ते आमच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. मरणाच्या अंगणात तान्ह्याचं नाव काढत नाहीत. काढलं की मरण त्याची वाट धरतं. तिने नाव काढलं नाही. पण मी? मला तरी समजायला नको होतं का? ज्या बाईला नाव घेता येत नाही, ती कुणासाठी आलीय हे मला कळायला नको होतं? दर गुरुवारी मीच तिला आकडा सांगत होते. मी वळले आणि कढईकडे गेले. मला वाटलं, मी केवढं मोठं पुण्य केलं.

दोन गाणी झाली. पाद्री पुन्हा बोलला. मग जेवणाच्या रांगा लागल्या, मी कण्या वाढत होते. सहज मान वर केली तर ती तिथेच होती. ताट दोन्ही हातांत, जसं मी दिलं तसं. एक घास हलला नव्हता. मांसावर माश्या बसल्या होत्या आणि ती त्या हाकलत नव्हती.

उपाशी बाई खात नाही, तेव्हा मला कळलं. डाव कढईत पडला. मी ओनालेन्नाच्या दंडाला धरून तिला रांगेतून ओढली. मनगटावरच्या घड्याळात बघितलं. मी ताट दिलं त्याला पस्तीस मिनिटं झाली होती.

आम्ही पळालो, आम्ही दोघी गोठ्यावरून. मा-सेथुन्या वळशाने. मी दवाखाना उघडला, मीठ-साखरेच्या पुड्या घेतल्या, उकळलेल्या पाण्याची बाटली घेतली. सिस्टरला फोन लावला, तो लागला नाही. रा-थुसोची गाडी शवपेटी न्यायला गेलेली, ती अजून स्मशानापाशी उभी, आणि तोही तिथेच. आत गेले तेव्हा चपला काढायचं कुणाला सुचलं नाही आणि राखही कुणी मागितली नाही. सेथुन्याच्या मांडीवरून मी बाळ घेतलं. हात-पाय गार होते. एवढ्या उन्हात गार. मी चमच्याने ओठांत पाणी सोडलं, ते कडेने ओघळलं. पुन्हा सोडलं, पुन्हा ओघळलं. तिसऱ्यांदा घशात काहीतरी हललं आणि मी ओरडले, "गिळलं! गिळलं हिने!" ते गिळणं नव्हतं.

मा-सेथुन्या वळशावरून धापा टाकत आली तेव्हा ओनालेन्नाने आत हंबरडा फोडलेला होता. ती वाशापाशी आली आणि थांबली. तिच्या हातात अजून माझं ताट होतं. कण्या वाटेत कुठेतरी सांडल्या असतील, ताट रिकामं होतं.

ओनालेन्ना दारात आली. रडत होती, पण तोंडाला धार आली होती.

"एकाच अंगणात राहून दुसरं काय होणार? मी आल्या दिवशी म्हटलं होतं, हिला दुसरीकडे पाठवा. रोज पाणी हिच्या हातचं, लाकडं हिच्या हातची. तापलेले पाय दिवसरात्र दाराशी. आधी माझा भाऊ, आता हे!"

मी म्हटलं, "पाणी वाईट होतं, ओनालेन्ना. पाण्याने झालंय. नदीचं पाणी आहे ते."

"ते तुझ्या सिस्टरला सांग."

मा-सेथुन्या वाकली. ताट खाली ठेवलं आणि चार पावलं मागे सरली, रोज सरायची तशी.

तान्ह्याची माती आमच्याकडे त्याच दिवशी करतात, घराच्या मागे, भिंतीच्या सावलीत. बायकाच करतात. बाप्ये येत नाहीत. विधवेलाही त्यात जागा नसते. ओनालेन्ना म्हाताऱ्या बायकांना बोलवायला गेली. ऊन कलायला लागलं होतं. मी बाळाला पुसलं, अंगडं घातलं, पांढऱ्या शालीत गुंडाळलं. सेथुन्या भिंतीला टेकून बसली होती, डोळ्यांत टिपूस नव्हता. ती माझ्या हातांकडे बघत होती, मग दाराकडे बघायला लागली. दाराबाहेर शेवग्याखाली तिची आई उभी होती.

सेथुन्या उठली. दीड महिन्यात ती दाराबाहेर आली नव्हती. खाली वाकली आणि तो वासा दोन्ही हातांनी धरला. जड होता, बाभळीचा. मी म्हटलं, "अगं, बाळंतीण आहेस तू," तर तिने ऐकलं नाही. फरफटत नेला, चुलीच्या खोपटापाशी सरपणावर टाकला, आणि परत दारात येऊन उभी राहिली.

"आई, ये आता आत," ती म्हणाली. "आता तुझे पाय कुणाला बाधणार आहेत?"

मा-सेथुन्या हलली नाही.

"ये ना. म्हाताऱ्या यायच्या आत ये."

मग ती आली. उंबऱ्यापाशी, जिथे वासा असायचा, तिथे आता धुळीत नुसता चर होता. त्या चरापाशी ती थबकली, काळा झगा एका हाताने वर धरला आणि पाय उंच उचलून आत टाकला. पुढ्यात अजून काही आडवं असावं तसा. खाली बसली. डावा हात पुढे केला, कोपरात वाकवून, दुकानात करायची तसा.

मी बाळ तिच्या हातावर ठेवलं.

तिने बाळाच्या तोंडावरची शाल बाजूला केली. नाक बघितलं, बोटाने त्याची कड चाचपली. कान बघितले. हात जरासा वर-खाली केला. पुन्हा केला. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं विचारणं होतं.

"तू तर चार किलो म्हणाली होतीस गं."